पाचव्या पडद्याची खोट

जुन्या शाळेतल्या माझ्या गुरुवारच्या शिकवणीला तो माणूस पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. मी शिकायला येणाऱ्या डोवीच्या डल्सिमरच्या, आमच्या डोंगरातल्या त्या लांबट तंतुवाद्याच्या, खुंट्या पिळत बसले होते. तो मागच्या बाकावर बसला, डल्सिमर मांडीवर आडवा घेतला आणि टर्कीचं पीस तारांवरून फिरवलं. डाव्या हातातली काडी चालीच्या तारेवरून सरकत पाचव्या पडद्यावर आली, आणि माझा हात खुंटीवरच थांबला. तो सूर केसभर उतरलेला होता.

आता डल्सिमर काय, पैशाला पासरी मिळतात, आणि त्यातले निम्मे बेसूर असतात. पण पाचव्या पडद्यावर नेमका तेवढाच, एका केसाएवढाच उतरलेला सूर एकाच ठिकाणाहून येतो. माझ्या डॅडींच्या मापाच्या पट्टीवरून. आणि ती पट्टी चौतीस वर्षांपूर्वी चोरीला गेली होती.

पट्टी म्हणजे काही मोठी चीज नव्हती. पॉप्लरच्या लाकडाचा सव्वादोन फुटी तुकडा, धुराने काळा पडलेला, कडेला सुरीने पाडलेल्या खाचा. नवा डल्सिमर करताना डॅडी ती पट्टी त्याच्या तारांखालच्या उभ्या दांडीवर ठेवत, खाचेखाचेशी पेन्सिलीची खूण करत आणि त्या खुणांवर पडदे ठोकत. पाचवी खाच पाडताना त्यांची सुरी घसरली होती. दुसरी पट्टी का करत नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आता कान हिलाच सरावलेत, पोरी." आमच्या खोऱ्यात मग सगळ्यांचेच कान तिला सरावले. पाचव्या पडद्यावर जरा उतरायचं, हेच आम्हाला खरं वाटायचं.

डॅडी फेब्रुवारीत गेले. एप्रिलमध्ये मी स्वतःचा डल्सिमर करायला डॅडींच्या कामाच्या शेडमध्ये बसले, तर दाराआडच्या खिळ्यावर पट्टी नाही. मधल्या काळात त्या शेडमध्ये माझ्याखेरीज एकच माणूस येऊन गेला होता. माझ्या धाकट्या बहिणीचा, झेलाचा नवरा व्हर्लिन. रंधा मागायला आला होता म्हणे. चर्चच्या अंगणात जेवणाची टेबलं मांडली होती, तिथे सगळ्यांदेखत मी त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. झेला म्हणाली, "ओर्ली, शब्द मागे घे." मी घेतला नाही.

तेव्हापासून ओढ्याच्या अलीकडे मी, पलीकडे ती. एकमेकींच्या धुराड्यातला धूर दिसतो, बोलणं नाही. मे महिन्यात थडग्यांवर फुलं वाहायला सगळे डोंगरावर जातात, तेव्हा एकमेकींना मान हलवायची, बस. पुढे व्हर्लिनही डल्सिमर करू लागला. फुटपट्टीने मोजून पडदे बसवायचा, पाचवा पडदा अगदी शुद्ध. मी लोकांना सांगायचे, बघा, चोरीची पट्टी वापरली तर पकडला जाईल, म्हणून मुद्दाम सूर शुद्ध ठेवतो. लोक हसायचे, पण त्यांना पटायचंही. या एप्रिलमध्ये व्हर्लिन गेला. मी त्यांच्या ओसरीवर शिजवलेल्या घेवड्याचं पातेलं ठेवून आले. दार वाजवलं नाही.

आणि आता हा परका माणूस, माझ्या हातचा नसलेला, नव्या लाकडाचा डल्सिमर, आणि त्यात माझ्या बापाचा पाचवा पडदा.

आमच्याकडे नव्या माणसाला पहिला प्रश्न एकच. तुमची माणसं कोण? त्याचं नाव रसेल हॉफर, पन्नाशीचा, उत्तरेकडच्या डेटन शहरातला. शाळेत सुतारकाम शिकवायचा, आता निवृत्त. आई वारली. आमचं निम्मं खोरं कारखान्यांत कामाला डेटनला गेलेलं, त्यामुळे एवढ्यावरून काही थांग लागेना. मी खडा टाकून पाहिला.

"डल्सिमर चांगला झालाय. कुणी केला?"

"मीच केला."

"पडद्यांचं माप कुठून घेतलंत?"

"एका जुन्या लाकडावरून," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

"कसलं लाकूड?"

"शिकणं झालं की दाखवीन, मिस ओर्लीना."

माझ्या मनात पाल चुकचुकली. असा गोड बोलणारा माणूस आमच्या घराण्याने एकदा पाहिलाय. माझ्या आजोबांकडे कोळशाच्या कंपनीचा एक जण असाच हसत हसत आला, कागदावर सहीऐवजी त्यांची फुली घेतली, आणि पुढे आमच्याच डोंगराखालचा कोळसा आमच्या डोळ्यांदेखत गेला. नंतर वह्या घेऊन गाणी गोळा करणारे आले, तेही हसतच आले. हसऱ्या माणसाच्या हातात काय आहे ते आधी बघायचं, हे मला दूध पाजतानाच शिकवलेलं आहे.

पण शिकवणीतून त्याला काढून टाकलं असतं तर पट्टी कायमची गेली असती. म्हणून मी त्याला शिकवलं. काडी दाबू नका, तारेवर बसू द्या, सरकताना तिचा आवाज येऊ द्या. पीस पेनासारखं धरू नका. चाल आधी गळ्यात येऊ द्या, मग हातात. त्याने पहिल्या दिवशी वही काढली ती मी बंद करायला लावली. त्याचे हात सुताराचे, जड, पण कान चांगला होता. दोन महिन्यांत तो सहाही जणांत पुढे गेला. मला तो आवडू लागला होता आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

वर्गातले बाकीचे सगळे मी केलेले डल्सिमर वाजवत. भिंतीवर टांगलेल्या डॅडींच्या डल्सिमरवरून कागदाची पट्टी कापून मी माप घेते, त्यामुळे आमचा सगळ्यांचा पाचवा पडदा एकाच गावचा. फक्त डोवी कॉडिलकडे व्हर्लिनच्या हातचा होता. तिला मी टोकाला बसवायचे आणि पाचवा पडदा गाळायला लावायचे. ती आली की मी म्हणायचे, "आला चोराचा डल्सिमर." डोवी पोस्टाच्या खिडकीत बसते, रोज शंभर जणांचं ऐकून घेते. तिने ते कधी मनावर घेतलं नाही.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी सगळे बाहेर व्हरांड्यात सफरचंदाचा थरांचा केक खात होते. मी सुरी विसरले म्हणून आत आले, तर हा माणूस माझ्या खुर्चीवर बसलेला. माझा डल्सिमर त्याच्या मांडीवर. त्यावरच्या बदामाच्या आकाराच्या भोकात त्याने दातांच्या डॉक्टरचा इवलासा आरसा घातला होता आणि दुसऱ्या हातात बॅटरी.

तो दचकला. म्हणाला, तुमच्याकडे आत खुळखुळ्या सापाची शेपटी ठेवतात असं ऐकलं होतं, ती आहे का बघत होतो.

"शेपटी आहेच," मी म्हटलं. "बाकीचा साप कुठे बसलाय ते मी बघतेय."

त्याचे कान लाल झाले. डल्सिमर जपून माझ्या हातात दिला आणि केक न खाताच गेला. घरी येऊन मी तो उलटा करून हलवला, वास घेतला, खुंट्या मोजल्या. काही नेलेलं दिसेना. काही न नेणारा चोर तर आणखी वाईट, कारण तो पुन्हा येणार असतो.

दुसऱ्या दिवशी मी तिकिटं घ्यायला पोस्टात गेले. डोवीने चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाली, मंगळवारी हॉफरचा ट्रक झेलाच्या दारात उभा होता. दोन तास.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता सगळं जुळलं. व्हर्लिन गेला, झेला त्याच्या वस्तू आवरायला लागली, कुठल्यातरी फळीमागे पट्टी सापडली, आणि तिने ती या माणसाला देऊन टाकली. मला नाही, परक्याला. इतकी वर्षं मी म्हणत होते ते खरं निघालं, याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट त्या खिडकीशी उभं राहून मला रडू यायला लागलं आणि मी ते तिकिटांवर काढलं, की यांना डिंक कमी लावलाय.

"सरळ जाऊन विचार ना तिला," डोवी म्हणाली. "ओढ्यावर पूल आहे."

"तो तिच्या बाजूनेही आहे."

"तुम्हा दोघींची वाट बघून कुजेल गं तो."

मी गेले नाही. मी ठरवलं, चोरी जशी सगळ्यांदेखत विचारली होती, तशीच ती सगळ्यांदेखत बाहेर काढायची. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी जुन्या शाळेच्या मैदानात काकवी शिजवतात. सकाळपासून चरक फिरतो, दुपारी कढई उतरते, आणि मग सगळं खोरं शाळेच्या हॉलमध्ये बसून आमच्या वर्गाचं वाजवणं ऐकतं. मी हॉफरला पुढे, माझ्या शेजारी बसवायचं ठरवलं. त्याला वाटलं मान दिला.

त्या दुपारी हॉल भरला होता. हात चिकट, तोंडं चिकट, पोरांचे केससुद्धा चिकट. तिसऱ्या रांगेत झेला बसली होती, अंगात व्हर्लिनचा तपकिरी कोट. ती गेल्या चौतीस वर्षांत माझं वाजवणं ऐकायला आली नव्हती. मी मनात म्हटलं, आली, साथीदाराला बघायला आली.

पहिल्या दोन चाली बऱ्या झाल्या. तिसरी डॅडींची होती, ओढ्याची चाल म्हणतो आम्ही तिला. ती सुरू करण्याआधी मी उभी राहिले.

"ही चाल वाजवण्याआधी मिस्टर हॉफरनी एक सांगावं," मी म्हटलं. "त्यांच्या डल्सिमरचे पडदे माझ्या बापाच्या पट्टीवरून बसवलेत. ती पट्टी त्यांना कुणी दिली?"

मागे कुणीतरी व्हर्लिनचं नाव पुटपुटलं, आणि मला बरं वाटलं. हॉफरने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याने झेलाकडे पाहिलं. तिने मान हलवली. तो बाहेर ट्रककडे गेला आणि एक चपटं खोकं घेऊन परत आला. ते त्याने माझ्या खुर्चीवर ठेवून उघडलं.

आत एक जुना डल्सिमर होता, पाठ निघालेला. त्याच्या बाजूला पाठीच्या दोन फळ्या, आणि एक लांब पट्टी.

तो माझ्यापुरत्या हळू आवाजात बोलला. त्याच्या आईने हा डल्सिमर आमच्याच जत्रेत माझ्याकडून घेतला होता. गेल्या वर्षी तो फडताळावरून पडला. पाठीच्या दोन फळ्यांचा जोड सुटला, आणि त्या जोडावर आतून चिकटवलेली पट्टी याच्या हातात आली. कडेला खाचा होत्या. सुतार माणूस, त्याने ओळखलं हे माप आहे. त्यावरून नवा डल्सिमर केला आणि मूळ कोणाचं ते शोधत इकडे आला. इथे आल्यावर कुणीतरी त्याला आधी झेलाच्या घराकडे बोट दाखवलं.

"मिस झेला म्हणाल्या, मी दाखवली तर ओर्ली म्हणेल मीच तिथे चिकटवली," तो म्हणाला. "तिच्याकडे शीक, आणि मी सांगेपर्यंत काढू नकोस. तिचं काम तिलाच ओळखू दे."

मी पट्टी उचलली. एका अंगाने रंध्याने साफ केलेली, म्हणून काळेपणा गेलेला. दुसऱ्या अंगाला वाळलेला सरस. कडेला खाचा होत्या. मी अंगठ्याने मोजत गेले, आणि पाचवी घसरलेली लागली. मग मी टोकं पाहिली.

जोडावरच्या पट्टीची टोकं डॅडी सरळ कापायचे. व्हर्लिन गोल करायचा. दोन्हीकडून तिरकी कापून बदकाच्या चोचीसारखी टोकं काढायची सवय माझी एकटीची. आरसा घालून हा माझ्या डल्सिमरमध्ये तेच बघत होता.

डॅडींनी शेवटच्या डल्सिमरला पडदे ठोकले होते, पाठ लावायची राहिली होती. म्हणजे पट्टी खिळ्यावर नव्हतीच. ती तिथेच टेबलावर, कामाशेजारी पडलेली होती. मार्चमध्ये बर्फ होता. मी शेड उघडली, तो अर्धवट डल्सिमर पुरा करायचा म्हणून बसले, पाठीच्या जोडाला पट्टी हवी होती आणि हाताशी बेताच्या जाडीचा, चांगला वाळलेला तुकडा होता. मला सरसाचा वास आठवतो. डोळ्यांना धार लागलेली आठवते. तो तुकडा मी बघितल्याचं आठवत नाही. मी त्याला रंधा मारला, चोची कापल्या, चिकटवला, वर पाठ बंद केली, आणि तो डल्सिमर शेडमध्ये बघवेना म्हणून जत्रेत पहिल्या बाईला देऊन टाकला.

खोटं कशाला बोलू, मी लगेच कबूल केलं नाही. पट्टी हातात धरून मी लोकांकडे पाहिलं. चोचींचा अर्थ त्या हॉलमध्ये तिघांनाच कळत होता. बाकीचे सगळे एक नाव ऐकायला बसले होते, त्यांना ते नाव मीच इतकी वर्षं पाजलं होतं. मी व्हर्लिन म्हटलं असतं तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या, आणि झेला काय बोलली असती? तिच्या शब्दाला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आताही विचारलं नसतं. मेलेला माणूस तर काहीच बोलत नाही. हे सगळं माझ्या डोक्यात अगदी स्वच्छ आलं, आणि मला माझीच किळस आली.

झेला माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मी आता काय करणार ते मला ओळखणाऱ्या माणसाने बघावं तसं. तिला खात्री होती की मी खोटं बोलेन.

"हे माझ्या हातचं काम आहे," मी म्हटलं. "पट्टी मीच चिकटवली. व्हर्लिनने कधीच काही घेतलं नव्हतं. मी चर्चच्या अंगणात जे बोलले ते खोटं होतं, आणि नंतर रोज बोलले तेही."

मला वाटलं झेला उठून निघून जाईल. ती उठली, पण पुढे आली. मी पट्टी तिच्यापुढे धरली, तिने ती घेतली नाही.

"शेवटची तीन वर्षं तो खाटेवरच होता, ओर्ली," ती म्हणाली. "खाट त्याने खिडकीशी लावून घेतली होती. तुझा दिवा लागला की म्हणायचा, उठली बघ म्हातारी, आज येईल."

मी म्हटलं, "मी आले नाही."

"नाही आलीस."

मग तिने डोवीपुढे हात केला. डोवीने व्हर्लिनच्या हातचा डल्सिमर तिला दिला आणि आपली खुर्चीही दिली. मी पट्टी खोक्यात टाकून खोकं खाली ठेवलं आणि माझा डल्सिमर घेऊन बसले. झेलाने ती ओढून माझ्यासमोर घेतली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. लहानपणी डॅडी आम्हा दोघींना असंच बसवायचे. तिने कोटाच्या बाह्या सारल्या, काडी मागून घेतली, तार लावून पाहिली.

"ओढ्याची घे," ती म्हणाली. "पण तुझा पाचवा पडदा आणि याचा पाचवा पडदा भांडणार. काय करायचं बोल."

इतकी वर्षं त्या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं. त्याचा गाळायचा. मी माझ्या हातातल्या काडीकडे पाहिलं. मग ती ॲप्रनच्या खिशात टाकली आणि डावा हात मांडीवर ठेवून दिला.

चाल झेलाने घेतली. मी फक्त गुंजणाऱ्या तारा वाजवल्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच एक सूर, शिकवणीला पहिल्या दिवशी आलेल्याला देते तेवढंच काम. हॉफर शेजारी डल्सिमर खाली ठेवून बसला होता. झेलाचा हात बसलेला नव्हता, दोनदा चुकली, पण थांबली नाही. ती पाचव्या पडद्यावर आली तेव्हा तिने काडी तिथे मुद्दाम जरा जास्त वेळ धरली. सूर शुद्ध होता. माझ्या कानाला तो अजूनही चुकीचाच वाटला, आणि मी खाली मान घालून त्याला साथ देत राहिले.